आकडा सुटला, पण मोबाईल धरला

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत समुपदेशक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘व्यसनमुक्ती’ असं लिहिलंय. व्यसन म्हटलं की आपल्याला दारू आठवते, तंबाखू आठवते. मी आज वास न येणाऱ्या व्यसनांबद्दल बोलणार आहे. दारू पिऊन आलेला माणूस उंबऱ्यातच कळतो. जुगार खेळून आलेला कळत नाही. कळतो तेव्हा सोयाबीनच्या पट्टीचे पैसे संपलेले असतात, नाहीतर गळ्यातली पोत सोनाराकडे गहाण पडलेली असते.

आणि हे व्यसन पुष्कळदा एकटं येत नाही. मटका खेळणारा दारूही पितो, हे तुम्ही पाहिलंच असेल. पण दारू नसली तरी दुसरी सवय जोडीला असते. रात्रभर मोबाईलवर गेम, शेअर बाजारात रोजच्या रोज खरेदी-विक्री, संपता न संपणारे रील्स, गरज नसताना ऑनलाइन मागवलेल्या वस्तू, अश्लील व्हिडिओ. बोलायला अवघड वाटतं, पण घरात घडतं ते इथे बोलायला हवंच.

या सगळ्या सवयी एकत्र का येतात? मटक्याचंच बघा. १९६०च्या दशकात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर पैसे लावले जायचे. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, म्हणून नाव पडलं मटका. मग पत्ते आले, आता मोबाईल आला. साधन बदललं, हिशोब तोच राहिला. दहा आकड्यांतला एक लागणार आणि भाव साधारण नऊपट. म्हणजे शंभर वेळा दहा-दहा रुपये लावले तर हजार जातात आणि सरासरी नऊशे परत येतात. आपल्या गटात असा हिशोब कुणी मांडला तर आपण तिला सभेतून उठवू!

मग शहाणा माणूस यात का अडकतो? कारण कधी लागेल ते ठाऊक नसतं. दरवेळी मिळालं तर कंटाळा येतो, कधीच मिळालं नाही तर माणूस नाद सोडतो. पण मधूनच कधीतरी मिळालं की हात सुटत नाही. त्यात ‘एका आकड्यानं हुकलं’ की जिंकायला आल्यासारखंच वाटतं. रील्स असोत, गेम असो की शेअर, मेंदूला लागलेली ओढ तीच असते. पुढच्या खेपेला काहीतरी मिळेल!

ही गोष्ट औषधांवरूनही दिसते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या काही गोळ्या मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम करतात. त्या घेणाऱ्या काही रुग्णांना उतारवयात अचानक जुगाराचा नाद लागतो, काहींना खरेदीचा, काहींना खाण्याचा, आणि काहींना एकाच वेळी दोन-तीन गोष्टींचा. जन्मात कधी पत्ता न धरलेला माणूससुद्धा यात सापडतो. घरात असं कुणी असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. सांगायचा मुद्दा हा की जुगार हा फक्त चालीचा प्रश्न नाही, त्यात आजाराचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत जुगाराचं व्यसन आणि गेमचं व्यसन दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. २०२२ पासून ही यादी लागू झाली.

ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघा. एक, ताबा सुटतो. ‘एवढंच’ म्हणून बसतो आणि पहाट होते. दोन, शेत, काम, पोरं, जेवण सगळं मागे पडतं. तीन, नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही थांबता येत नाही. आणि जुगारात चौथीही असते. गेलेले पैसे काढायला पुन्हा पैसे लावणं.

आता महत्त्वाचं सांगते, नीट ऐका. समजा, एका सखीच्या मालकांनी मटका सोडला. घरात देवाला नारळ फुटला. दोन महिन्यांनी ते रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर. विचारलं तर म्हणतात, “हा जुगार नाही गं, शेअर आहेत, अभ्यास लागतो याला.” शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं वेगळं. पण ‘फ्युचर्स-ऑप्शन’ म्हणून जो रोजचा झटपट व्यवहार चालतो, त्याचं सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये काय सांगितलं? तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. तेव्हा एक नाद सुटला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. त्या रिकाम्या वेळात काय आलं, ते बघा. आणि उपचाराला गेलात तर डॉक्टरांना एकच व्यसन सांगू नका, सगळी सांगा. एकावर उपचार झाला आणि दुसरं तसंच राहिलं, तर पहिलं परत यायला वेळ लागत नाही.

हे फक्त पुरुषांचं आहे असंही समजू नका. बायकाही मोबाईलवर रमी खेळतात, हप्त्यावर वस्तू मागवत राहतात. अशी सखी आपल्यात असेल तर तिला हसू नका. हसलात तर ती लपवेल, आणि लपवलं की कर्ज वाढतं.

मग आपण करायचं काय?

पहिलं, पैशाची वाट वेगळी करा. तुमचं खातं, एटीएम कार्ड, यूपीआयचा पिन, ओटीपी तुमच्याजवळच ठेवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. तुमच्या आधारवर मोबाईलमधून कुणी कर्ज काढलं नाही ना, ते तपासा.

दुसरं, जुगाराची उधारी एकरकमी फेडू नका. फेडली की त्या माणसाला वाटतं, पाटी कोरी झाली, आणि नवा डाव सुरू होतो. देणं असेल तर त्याच्या कमाईतून, थोडं थोडं, वहीत लिहून.

तिसरं, बोलायचं ते तो शांत असताना. हरून आलेल्या रात्री नाही, पोरांसमोर नाही. ‘तुम्ही असेच’ असं म्हणू नका. ‘या महिन्यात दुधाचे चार हजार घरात आले नाहीत’ असा आकडा पुढे ठेवा.

चौथं, मदत घ्या. टेली-मानस, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. पोलिसांच्या भीतीनं मागे राहू नका. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. घरात मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२.

पाचवं, जिवाचं. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचार येऊ शकतात. ‘मी नसलो तर सुटाल’ असं कुणी बोललं तर ते रागात बोलला म्हणून सोडू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शेवटी गटाचं. सखी अंतर्गत कर्ज मागते, कारण लिहिते ‘शेळीपालन’, आणि पैसे जातात मालकांच्या उधारीत. पुढचे हप्ते ती शेतमजुरी करून भरते, नाहीतर गट थकबाकीत जातो. तिला नुसतं नाही म्हटलं तर ती सावकाराकडे जाईल. म्हणून माझी विनंती आहे, पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं यावर बोलावं आणि ठराव लिहावा. वस्तूसाठीचं कर्ज असेल तर पैसे शक्य तिथे थेट दुकानदाराला द्यायचे, पंधरा दिवसांत दोघींनी शेळी बघून यायची. तपासणी म्हणून नाही, सोबत म्हणून. हा नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे एकीवर बोट जाणार नाही. आणि जी घरचं सांगेल, तिचं बोलणं गटाबाहेर जाणार नाही, हेही त्याच ठरावात लिहा.

सभा संपल्यावर मी अर्धा तास इथेच थांबणार आहे. कुणाला एकटीनं बोलायचं असेल तर या. घाई नाही.