जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड: २८ हजारांचा हिशोब

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की पाच-सहा वर्षं जुन्या पीसीत आज कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं. कार्डचं नाव मी सांगेनच, पण त्याआधी एक मेजपट्टी घ्या आणि कॅबिनेट उघडा.

उदाहरण घरातलंच आहे. माझा धाकटा भाऊ सांगलीत असतो, ब्लेंडरमध्ये अ‍ॅनिमेशन करतो. एका मसालेवाल्याच्या पाकिटाची १० सेकंदांची जाहिरात त्याच्याकडे आली. त्याचं पहिलं पैसे देणारं काम. पीसी रायझन ५ २६०० चा, कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. सीन त्या मेमरीत मावेना, म्हणून रेंडर प्रोसेसरवर. एका फ्रेमला ११ मिनिटं. १० सेकंदांच्या २४० फ्रेम, म्हणजे ४४ तास. आणि गिऱ्हाईक म्हणणार, "लोगो जरा मोठा करा." की परत ४४ तास! लग्नाचे अल्बम डिझाइन करून त्याने २८ हजार साठवले होते, त्यातच सगळं बसवायचं होतं.

ब्लेंडरसाठी आम्ही आरटीएक्स ३०६० ठरवलं, १२ जीबीचं. फक्त गेमिंग असतं तर मी आरएक्स ६६०० सुचवलं असतं. ते १३२ वॅटवर चालतं आणि गेममध्ये छान आहे. पण सायकल्स रेंडरला एनव्हिडियाचं ऑप्टिक्स वेगवान पडतं, आणि इथे मेमरी हाच अडसर होता. एक सांगून ठेवते: ३०६० नावाचंच ८ जीबीचंही कार्ड आहे, त्याचा मेमरी बस १२८ बिटचा. १२ जीबीवाल्याचा १९२. सेकंडहँड घेताना जीपीयू-झेडमध्ये हे दोन्ही आकडे बघा, बॉक्सवर विश्वास ठेवू नका.

आता मेजपट्टी. मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा भरली २३.५ सेंटिमीटर. कार्ड २४.२. सात मिलिमीटरसाठी अडलं! पिंजरा रिव्हेट मारलेला. भाऊ म्हणाला, "ताई, गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून कापून आणतो." आतलं सगळं बाहेर काढून कापलं तर चालतंही, कारण लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होऊ शकतं. पण मी त्याला आधी एक फुकटची टेस्ट करायला लावली. साइडचं झाकण लावून १५ मिनिटं लोड द्यायचा, मग झाकण काढून तेवढाच. त्याच्या जुन्या कार्डचं तापमान ८१ वरून ६८ वर आलं. म्हणजे डबा गुदमरतोय. पुढून सपाट बंद पॅनल, हवा आत येणार कुठून? तुमच्याकडे फरक दोन-तीन डिग्रीच असेल आणि कार्ड मावत असेल, तर कॅबिनेट बदलू नका. आमचं बदललं, पुढे जाळी आणि तीन फॅनवालं, ३,७०० ला.

एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. १०५० टीआय ७५ वॅटचं, तेवढी पॉवर मदरबोर्डचा स्लॉटच देतो. ३०६० ला १७० लागतात, उरलेली पॉवर आठ पिनच्या केबलमधून. जुन्या बिननावाच्या एसएमपीएसला ती केबलच नव्हती. बाजारात जोडणी करणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण बारीक वायर तापते, प्लॅस्टिक वितळतं. कार्ड १७०, प्रोसेसर ६५, बाकी धरून ३०० च्या आसपास. तरी एनव्हिडिया ५५० सांगते, कारण कार्ड क्षणभर बरंच जास्त खेचतं. आम्ही ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ घेतला, ४,६०० ला.

कार्ड सेकंडहँड, १७,५०० ला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि ती कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असं मी म्हणणार नाही, पण फॅन सतत फिरून झिजलेले असतात. विकणाऱ्याच्या घरीच १५ मिनिटं फरमार्क चालवा. फॅनचा आवाज ऐका, स्क्रूवर ओरखडे बघा, बिल मागा. पहिला विकणारा म्हणाला, "चालू करून दाखवायला पीसी नाही." भाऊ तिथूनच परत फिरला.

एकूण २५,८००. आता एक फ्रेम साधारण ५० सेकंदांत होते, पूर्ण जाहिरात साडेतीन तासांच्या आत. लोगो आत्तापर्यंत दोनदा मोठा झालाय. उरलेल्या २,२०० मध्ये रॅम घ्यावी की एसएसडी, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. तुमचं मत कळवा.