देह धारण करणारा शब्द : ख्रिस्ती श्रद्धेतील अवतारकल्पना



जामसांवलीच्या हनुमंताचे वेगळेपण या परिसरात कोणाला सांगावयास नको. गावोगावचे मारुतिराय उभे असतात. येथे मात्र ते पहुडलेले आहेत. निद्रा हा देहाचा धर्म. तरीही देवाचे हे पहुडणे भाविकाला खटकत नाही. उलट त्यामुळे देव अधिक आपला वाटतो. ख्रिस्ती शुभवर्तमानांतही असा एक प्रसंग आहे. सरोवरात वादळ उठले आहे, शिष्य भयभीत झाले आहेत आणि येशू नावेत गाढ झोपला आहे. शिष्य त्याला जागे करतात आणि तो वादळ शांत करतो. थकून झोपणारा आणि वाऱ्याला आज्ञा करणारा हे दोघे एकच, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. ही श्रद्धा नेमके काय सांगते, याचा विचार आज करावयाचा आहे.

मराठीत या श्रद्धेला पहिले थोर काव्यरूप दिले ते एका परदेशी माणसाने. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्यांनी पुराणाचा घाट घेतला, ओवी घेतली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. नवी श्रद्धा लोकांच्या कानांना ओळखीच्या सुरात ऐकू यावी, हा त्यामागील हेतू. देव माणसांत येतो तो माणसांच्या भाषेत येतो, हे त्यांनी सिद्धांत न मांडता रचनेतूनच दाखवून दिले.

परंतु ओळखीचा शब्द जसे दार उघडतो, तसाच तो कधी दाराआड काही झाकूनही ठेवतो. ‘अवतार’ हा शब्द तसाच आहे. धर्माला ग्लानी येते, तेव्हा भगवंत युगायुगांत प्रकट होतो, ही गीतेची शिकवण मराठी मनात खोल रुजलेली आहे. त्या चौकटीत ख्रिस्त सहज बसतो आणि अनेकांनी उदार मनाने त्याला तेथे बसविलेही. तथापि ख्रिस्ती माणूस जे म्हणतो ते तेवढ्याने पुरते कळत नाही.

या बाबतीत तुलनेसाठी अधिक जवळचा आहे महानुभाव पंथ. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही त्या पंथाची पुण्यभूमी. एकच परमेश्वर जीवांच्या उद्धारासाठी करुणेने मानवी देह स्वीकारतो आणि जीवाला आपले सन्निधान देतो, असे महानुभाव मानतात. म्हणूनच म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरांच्या लहानसहान लीळाही कष्टाने गोळा केल्या. ते कोठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, यातले काहीच त्यांना क्षुल्लक वाटले नाही. परमेश्वर देहात आला असेल, तर त्याचे जेवणही स्मरणीय ठरते. शुभवर्तमानकारांची दृष्टीही अशीच होती. विहिरीकाठी दमून बसलेला, मित्राच्या थडग्यापाशी रडलेला येशू त्यांनी कटाक्षाने नोंदविला.

भेद त्यापुढे सुरू होतो. महानुभाव तत्त्वज्ञान अवताराचे गर्भी, पतित आणि दवडणे असे तीन प्रकार सांगते. श्रीचक्रधरांचा अवतार पतित प्रकारचा, म्हणजे निधन पावलेल्या देहात प्रवेश करून झालेला. ख्रिस्ती श्रद्धेचा आग्रह मात्र गर्भावर आहे. मरियेच्या उदरी वाढलेला, कोणी वापरून सोडलेला नव्हे आणि भासमानही नव्हे, असा स्वतःचा देह. प्रारंभीच्या शतकांत काही जण म्हणू लागले की, ख्रिस्ताचा देह केवळ आभास होता. देव खरोखर कसा दुखेल? हे मत वरकरणी देवाचा मान राखणारे होते, तरी ख्रिस्तसभेने ते त्याज्य ठरविले. ३२५ साली नायसिया येथील परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे घोषित केले. ४५१ साली कॅल्सिडॉनच्या परिषदेने सांगितले की, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. दोन्ही स्वभाव मिसळत नाहीत आणि विभागलेही जात नाहीत.

हा वाद शब्दच्छल वाटेल. परंतु त्यामागे जीवनमरणाचा प्रश्न होता. देवाने माणसाचे जे काही खरोखर आपले केले, तेवढेच तारले जाणार. त्याने भूक, भीती आणि मृत्यू यांचे केवळ सोंग घेतले असेल, तर भुकेल्या, भ्यालेल्या, मरणाऱ्या माणसाच्या हाती काय उरते? म्हणून ख्रिस्ती अवतार पराक्रमाने ओळखला जात नाही. तो रिते होण्याने ओळखला जातो. तेथे दुष्टाचे निर्दालन नाही. दुष्टाच्या हातून मरण पत्करणे आहे. ही घटना एकदाच घडली, आणि रोमन सुभेदार पिलात याच्या अमदानीत, म्हणजे इतिहासात घडली. पुनरुत्थानानंतरही ख्रिस्ताने ते मनुष्यत्व वस्त्रासारखे उतरवून ठेवले नाही, असेही ही श्रद्धा मानते.

या श्रद्धेला मराठी काळजाचा ओलावा दिला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही; त्यांच्या काव्यात ख्रिस्त माउली होऊन येतो. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले; त्यातील बहुतांश भाग त्यांचाच आहे. पतीच्या धर्मांतराने जिचा संसार वर्षानुवर्षे दुभंगला, त्याच बाईने त्या ख्रिस्ताची कथा पुढे गावी, यापेक्षा मोठे भाष्य कोणत्या परिषदेने केले असेल?

ग्रंथालयाच्या कपाटात लीळाचरित्र, गीता आणि ख्रिस्तपुराण शेजारी शेजारी राहू शकतात. त्यांनी एकच सांगावे असा हट्ट वाचकाने धरू नये. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्यासारखी आहे म्हणून तिचा आदर करणे सोपे आहे. ती जेथे वेगळी आहे तेथे ती नीट समजून घेऊन आदर करणे कठीण, आणि खरा शेजारधर्मही तोच. जामसांवलीला पहुडलेल्या हनुमंतासमोर हात जोडणाऱ्याला नावेत झोपलेल्या ख्रिस्ताची गोष्ट परकी वाटणार नाही. तेथून पुढे दोन वाटा वेगळ्या होतात. पण त्या कोठे वेगळ्या होतात हे ज्याला ठाऊक आहे, तोच दोन्ही वाटांवरच्या वाटसरूंना जाणतो.