खुबा किती अंशांत दुखतो?

आजचा विषय अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा आहे. ऐकायला लांबचा वाटेल, पण वर दिसत नाही असं दुखणं असलेल्या कुणालाही तो कळेल.

सेवेत झालेल्या दुखापतीला तिथलं व्हेटरन्स अफेअर्स खातं टक्के देतं आणि टक्क्यांवर दरमहाची भरपाई ठरते. खुब्याचा नियम तर आपल्या इफ-एल्ससारखाच. निरोगी खुबा पुढे 125 अंश वाकतो. तुमचा 45 ला अडकला तर 10 टक्के, 30 ला 20, 20 ला 30, 10 ला 40. तपासणारा गोनिओमीटर लावतो, म्हणजे कोन मोजायची पट्टी, आणि आकडा लिहितो.

आता समजा, एक माणूस वर्षानुवर्षं पाठीवर ओझं घेऊन चाललाय. तपासणीच्या दिवशी खुबा नेमका बरा असतो. हा दात-ओठ खाऊन पाय 90 पर्यंत उचलतो, कारण कुरकुरायचं नाही हीच सवय. फॉर्मवर 90! हलताना दुखतं हे नोंदलं गेलं, तर किमान 10 टक्के मिळतात. पण ज्या दिवशी मोजे घालायला बायको लागते, त्या दिवसाचं काय?

कायदा इथे खरं तर त्याच्या बाजूने आहे. 2017 च्या शार्प विरुद्ध शुल्किन खटल्यात कोर्टाने सांगितलं, की दुखणं उसळलेलं असताना तपासलं नाही, एवढ्यावरून डॉक्टरने हात झटकायचे नाहीत. सैनिकाला विचारायचं आणि त्या दिवसांतला अंदाज द्यायचा. 2018 मध्ये तर दुसऱ्या निकालाने मान्य केलं, की नेमकं निदान नसलं तरी काम अडवणारी वेदना हेसुद्धा अपंगत्व असू शकतं.

म्हणून अपिलात कामाला येते ती साधी डायरी. महिन्यात किती वेळा उसळलं, किती तास टिकलं, कोणतं काम राहिलं. बायकोचं किंवा जुन्या साथीदाराचं लेखी निवेदनही चालतं. नुसतं 'खूप दुखतं' लिहून मात्र काही होत नाही.

निकालानंतर हातात एक वर्ष. 2019 पासून तीन वाटा आहेत: नवा पुरावा जोडून पुरवणी दावा, वरिष्ठाकडून फेरतपासणी, नाहीतर बोर्डातले न्यायाधीश. यात लोक फसतात ते फेरतपासणीला, कारण तिथे नवा कागद घेतच नाहीत. डायरी आधी दिलेली नसेल तर पुरवणी दावाच करायचा, आणि वर्षाच्या आत. उशिरानेही करता येतो, पण मग भरपाई सहसा नव्या अर्जाच्या तारखेपासूनच धरतात. मधले महिने गेले.