आधी कोंबडी की आधी अंडं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेतला माझा विषय वाचून काल दोघातिघांनी विचारलं, “काऊन बाप्पा, जेवणाचा बेत सांगतोस का?” नागपुरात हा प्रश्न सावजी भोजनालयात सुटतो, जे आधी शिजलं ते आधी ताटात. पण मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी कुठल्या तरी वर्गात कोणीतरी हा प्रश्न विचारलाच. विचारणाऱ्याला वाटायचं, सर आता अडकले! तेव्हा आज दहा मिनिटांत त्याचा हिशेब करू.

प्रश्न फार जुना आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीक लेखक प्लुटार्क याने मेजवानीतल्या गप्पांचं पुस्तक लिहिलं. त्यातले पाहुणे याच प्रश्नावर वाद घालतात. आपल्याकडे याचा भाऊबंद म्हणजे बीजांकुरन्याय. बी आधी की अंकुर आधी? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टान्त घेतला आहे. कर्मामुळे जन्म, जन्मामुळे कर्म. साखळी अनादि आहे, तिला सुरुवात नाही. तत्त्वज्ञानात हे उत्तर चालतं. कोंबडीच्या बाबतीत चालत नाही, कारण पृथ्वीवर कोंबडीच नव्हती असा काळ होऊन गेला आणि त्याचा पुरावा जमिनीत आहे.

आपल्याच जमिनीत आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तशा लाव्ह्याच्या खाली जे थर सापडतात, त्यांना लमेटा म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेच्या लमेटा घाटावरून ते नाव पडलं. हे थर विदर्भात, मध्य प्रदेशात आणि गुजरातेत उघडे पडले आहेत. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात मिशनरी म्हणून नागपुरात आले आणि टाकळीसारख्या ठिकाणी जीवाश्म गोळा करू लागले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या पिजदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या याच थरांत त्यांची अंडीही मिळाली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. त्या भागातल्या पाडल्या गावात अशा गोल दगडांची काकडभैरव म्हणून पूजा होते, अशी बातमीही त्याच वर्षी आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातेतल्या ढोली डुंगरीला अंडी आणि नुकतंच जन्मलेलं पिल्लू असलेला एक जीवाश्म मिळाला. पुढे कळलं, की त्यात सुमारे साडेतीन मीटर लांबीचा सापही आहे. २०१० मध्ये त्याचं नामकरण झालं ‘सानाजेह इंडिकस’. साप घरट्यात शिरला आहे, अंडी समोर आहेत, आणि कोंबडी यायला अजून सहा कोटींहून जास्त वर्षं आहेत!

धारच्या अंड्यांपैकी एकाने तर आपल्या प्रश्नाला गंमतच आणली. ते अंड्यात अंडं होतं. कुक्कुटपालन करणाऱ्यांना हा प्रकार माहीत असतो. तयार अंडं बाहेर पडण्याऐवजी उलटं वर सरकतं आणि त्याच्याभोवती दुसरं अंडं तयार होतं. तोवर ही गोष्ट फक्त पक्ष्यांतच ठाऊक होती. अर्थात हे लांब मानेचे डायनोसॉर कोंबडीचे पूर्वज नव्हेत. पक्षी निघाले ते दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरच्या शाखेतून. पण अंडं या दोन्ही शाखांहून जुनं आहे. जमिनीवर घालता येणारं अंडं ३० कोटी वर्षांपूर्वीच आलं होतं. तेव्हा नुसतं ‘अंडं’ म्हणाल, तर अंडं आधी. विषय संपला.

पण वर्गात एक तरी हुशार पोरगी असतेच. ती म्हणते, “सर, कोंबडीचं अंडं म्हणा.” २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांच्या हवाल्याने वर्तमानपत्रांनी छापलं होतं, की कोंबडीच आधी, कारण कवच घडवणारं एक प्रथिन कोंबडीच्या शरीरातच तयार होतं. पण कवचाची अंडी घालणारे पक्षी कोंबडीच्या आधीही होते, आणि त्या प्रथिनाची भावंडं इतर पक्ष्यांत सापडतात. त्यामुळे त्याने निकाल लागत नाही.

निकाल लावायचा तर ‘पहिली कोंबडी’ शोधायला हवी. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली. २००८ मध्ये असंही दिसलं, की पिवळ्या कातडीचं जनुक तिला आपल्या दक्षिण भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून मिळालं. म्हणजे पिवळ्या पायांची कोंबडी ही दोन घराण्यांची नात. ती कोणत्या सकाळी कोंबडी झाली? अशी सकाळ नव्हतीच. प्रत्येक पिल्लू आईसारखंच होतं, फक्त थोडंसं वेगळं. हजारो पिढ्यांनंतर आपण मागे वळून नाव दिलं. पण एक गोष्ट पक्की आहे. कोंबडी जिवंतपणी बदलून दुसरा पक्षी होत नाही. पुढच्या पिढीत उतरणारा नवा बदल नव्या जिवात पहिल्यांदा दिसतो तो अंड्यात. म्हणून माझं मत अंड्याला.

कोडं सुटत नाही, कारण आपण गृहीत धरतो की कोंबडी तीच, अंडं तेच आणि चक्र तसंच फिरत राहणार. खरं तर ते दर फेरीला जरासं बदलत असतं.

हे आज इथे बोलण्याचं कारण आहे. काल शाळेत फिरताना सगळ्यांनी एकच संवाद ऐकला. पट कमी झाला म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी म्हणून पालक मुलांना मराठी शाळेत घालत नाहीत. म्हणून पट आणखी कमी. संच मान्यतेत पटावर पदं ठरतात, त्यामुळे मुख्याध्यापकांचेही हात बांधलेले. आधी काय, पट की शिक्षक? यावर आपण दोन तास बोललो आणि जेवायला गेलो.

मित्रहो, अशा चक्राची सुरुवात शोधत बसलो, तर पुढच्या मेळाव्याला शाळेची इमारत असेल, वर्ग नसतील. सुरुवात शोधायची गरज नाही. जिथे हात पोचतो तिथे थोडा बदल करायचा. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, बँकवाले आहेत, दोन गणिताच्या प्राध्यापिका आहेत. पद मंजूर करणं आपल्या हातात नाही, शनिवारचा एक तास आहे. मुख्याध्यापकांशी बोलून मी कार्यालयाबाहेर एक वही ठेवली आहे. नाव, विषय आणि कोणता शनिवार, एवढंच लिहायचं. विज्ञानाचा पहिला शनिवार मी घेतला आहे. गणिताची पानं अजून कोरी आहेत.