फलक वाचला जावा



मुंबईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात २००८ साली ‘टायपोग्राफी डे’ ही अक्षररचनेची परिषद सुरू झाली. २०१८ साली ती सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत भरली. अशा परिषदेतून विद्यार्थ्याने काय घेऊन परतावे? सुंदर नमुने तर खरेच; परंतु मोठा धडा हा की, अक्षर हे काढणाऱ्यासाठी नसून वाचणाऱ्यासाठी असते.

धार जिल्ह्यातील पीथमपूरसारख्या उद्योगनगरीत या धड्याची कसोटी लागते. तेथील कारखान्यांत दूरदूरच्या प्रांतांतून कामगार येतात. मराठी व हिंदी यांची लिपी एकच. तरीही ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे भिन्न आढळतात. विजेच्या पेटीवरील सूचना नक्षीदार, दाट अक्षरांत लिहिली, तर ती घाईत वाचली जात नाही. आणि न वाचलेली सूचना प्राणांवर बेतते. म्हणून अक्षर ठसठशीत, मजकूर अल्प, ओळींत मोकळी जागा आणि सोबत कवटीचे चिन्ह असावे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण निरक्षरांनाही उमगला, तो याच साधेपणामुळे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढी सवय अवश्य लावावी: फलक भिंतीवर लावण्यापूर्वी तो दहा पावलांवरून एखाद्या कामगाराकडून वाचून घ्यावा. तो अडखळला, तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे, फलकाचा समजावा.