लपलेली गळती

जेथें ओल दिसते तेथेंच पाणी गळत असतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती फसवी आहे, हें मला परदेशांत एका फिरत्या घरांत कळून आलें. ती हकीकत आज आपणांस निवेदन करावयाची आहे.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत राहतात. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. त्यांनीं नुकतीच एक जुनी कॅम्पर विकत घेतली होती. कॅम्पर म्हणजे मोटारगाडीवर रचलेलें लहानसें घर. त्यांत निजण्याची सोय, शेगडी, मोरी व न्हाणी असते. पाण्याची टाकी असते आणि तें पाणी तोट्यांना पुरविण्यासाठीं बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप असतो. १८९३ सालीं स्थापन झालेल्या ॲल्गॉन्क्विन उद्यानांत या घरासह आमचा मुक्काम पडला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बिछान्याजवळची जमिनीची फळी ओली दिसली. तेथें आमचा सहा वर्षांचा नातू निजत असे. झालें! सर्वांनीं त्यालाच दोष दिला. "पाणी तूंच सांडलेंस," असें मींहि त्याला दरडावलें. "आजोबा, मी नाहीं सांडलें," एवढेंच तो रडवेला होऊन म्हणाला. तिसऱ्या दिवशीं ओल वाढली आणि पोराला पुन्हा बोलणीं बसलीं.

त्या रात्रीं मला झोप येईना. सर्वत्र सामसूम होती. एवढ्यांत 'घुर्र' असा आवाज झाला आणि क्षणांत थांबला. थोड्या वेळानें पुन्हा तसेंच. तो पंपाचा आवाज होता. या पंपाची रचना अशी असते कीं, तोटी उघडली म्हणजे नळींतील दाब उतरतो व पंप सुरू होतो. तोटी मिटली म्हणजे दाब चढतो व पंप आपोआप थांबतो. सर्व तोट्या मिटलेल्या असतां पंप चालूं लागला, याचा अर्थ दाब कोठें तरी निसटत होता. पंपाची झडप सदोष असली तरी असें घडतें. परंतु तिनें फळी भिजत नाहीं.

सकाळीं आम्ही बापलेक विचार करूं लागलों. छप्पर गळत असेल तर ओल पावसानंतर यावी. पण पाऊस मुळींच पडला नव्हता. सांडपाण्याची नळी गळत असेल तर मोरी वापरल्यावर ओल वाढावी. पण ती तर रात्रींत वाढत होती. उरली ती दाबाची नळी. चिरंजीवांनीं बाहेरून घेतलेली वीज तोडली, कपाटांच्या मागील फळ्या काढल्या, सर्व जोड पुसून कोरडे केले आणि प्रत्येकाभोंवतीं कोरडा कागद गुंडाळला. मग पंप चालवून दाब चढविला आणि आम्ही वाट पाहत बसलों.

ओला झाला तो न्हाणीमागील कोपऱ्याच्या जोडाचा कागद! बिछान्यापासून तो चांगला सहा फूट दूर होता. गाडी किंचित् कलती उभी असल्यामुळें पाणी नळीच्या पोटावरून ओघळत उताराकडे येत होतें. थेंब मोजले, तर पांच सेकंदांस एक. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसास ८६४ मिलिलिटर पाणी! एवढें पाणी थरांच्या फळींत मुरत राहिलें असतें, तर पुढें सारी जमीन कुजली असती.

जोडाला केंसासारखी चीर होती. पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान शेंकडा सुमारें नऊ वाढतें. हिंवाळ्यापूर्वीं नळ्या नीट रित्या केल्या नाहींत, तर असे जोड फुटतात. पंप बंद करून, तोटी उघडून दाब उतरविला. नळी सरळ कापून नवा जोड बसविला आणि पुन्हा कागद गुंडाळला. ओली फळी मात्र कित्येक दिवस उघडी ठेवून वाळवावी लागली.

चाळीस मुलांच्या वर्गांत मीं वर्षानुवर्षें शिकविलें. शाई सांडलेली दिसली कीं जवळ बसलेल्या मुलाचा कान धरला, असें कितीदां झालें असेल, याची त्या दिवशीं मला आठवण झाली. त्या मुलांची क्षमा मागणें आतां शक्य नाहीं. नातवाची मात्र मीं सर्वांदेखत मागितली. नव्या जोडाची परीक्षा करण्याचें काम त्याच्याकडेच सोंपविलें. दुसऱ्या दिवशीं पहांटेसच त्यानें मला हलवून जागें केलें आणि कागद माझ्या हातांत देऊन तो म्हणाला, "आजोबा, कोरडा आहे!"