पुस्तके कोण जाळतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. सातवीनंतर शाळा सुटली, गिरणीत लागलो. पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. आज एका परदेशी कादंबरीविषयी दोन शब्द बोलणार आहोत. मांडीवर शब्दकोश घेऊन ती वाचायला आम्हाला आठ महिने लागले.

लेखक अमेरिकेचे रे ब्रॅडबरी. पैशाअभावी त्यांना कॉलेजात जाता आले नाही, सार्वजनिक ग्रंथालयात बसून ते शिकले. म्हणजे आपल्यातलेच म्हणा ना! ग्रंथालयाच्या तळघरात अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टाइपरायटरवर त्यांनी ही कथा लिहिली. १९५३ साली ती 'फॅरनहाइट ४५१' या नावाने प्रसिद्ध झाली.

या कादंबरीतले बंबवाले आग विझवीत नाहीत, लावतात. कोणाच्या घरी पुस्तके सापडली की रॉकेल ओतून पेटवून देतात. एक म्हातारी पुस्तके सोडून बाहेर यायला तयार होत नाही. ती स्वतःच काडी ओढते. ते पाहून माँटॅग नावाचा बंबवाला हादरतो. या पुस्तकांत असे आहे तरी काय?

आता महत्त्वाचे ऐका. त्याचा कॅप्टन सांगतो, सुरुवात सरकारने केलीच नाही. आधी लोकांनीच वाचन सोडले. जाड पुस्तकाचे सार झाले, साराच्या चार ओळी झाल्या. बंबवाले मागाहून आले. माँटॅगच्या घरी तीन भिंतींवर टीव्ही आहे, बायकोला चौथ्या भिंतीवरही पाहिजे. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, हे मात्र दोघांनाही आठवत नाही.

हे सगळेच काल्पनिक नाही. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात हजारो पुस्तके जाळली, त्यात पुढे होते विद्यापीठाचे विद्यार्थी. शिकलेली पोरे, बरं का!

शेवटी माँटॅग शहर सोडून पळतो. रेल्वे रुळांच्या कडेने राहणारी माणसे त्याला भेटतात. प्रत्येकाने एकेक ग्रंथ पाठ करून ठेवलेला. हे वाचताना आम्हाला आपले भाणक भिक्खू आठवले. तथागतांचे वचन त्यांनी शेकडो वर्षे मुखोद्गत सांभाळले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहून काढले गेले, म्हणून आज आपल्या हाती आहे.

आता आपल्या विहारातले कपाट बघा. वर्गणी काढून आपण बाबासाहेबांचे खंड आणले. गेल्या पावसाळ्यात कपाट उघडले, तर खालच्या खणाला वाळवी लागलेली. किल्ली आमच्याच खिशात होती. चार महिन्यांत कोणी मागितली नाही आणि आम्हीही उघडले नाही. पुस्तके गेली, आणि कोणी बंबवाला आला नव्हता. हा दोष आम्ही सर्वांसमक्ष पदरात घेतो.

आजपासून किल्ली दाराजवळच्या खिळ्याला राहील. दर रविवारी वंदनेनंतर एकेका घराने एक पान मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावे, पाठ करावे. पहिल्या रविवारी आम्ही वाचू.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. नमो बुद्धाय, जय भीम!